व्हय म्हाराजा म्हणायची जागा

सुभद्राबाईंना कवयित्री म्हटलेलं खपत नाही. "कवी म्हणा, चालता माका," असं त्या सांगतात आणि समोरचा गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात. तारकर्लीच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंची मतं ठाम, आणि ती न विचारताच मिळतात. पुस्तक मिटल्या मिटल्या जो त्याच्यावर बोलू लागतो, त्याने ते वाचलेलंच नसतं. कवितेला गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्याला त्या विचारतात, परसातल्या अळवाला कुठे गिऱ्हाईक असतं, म्हणून ते उगवायचं थांबतं का? समीक्षक म्हणाल तर त्या एकालाच मानतात. शेजारच्या डोरथीला.

डोरथी त्यांच्याच शाळेत शिकलेली. ती मासे साफ करता करता कविता ऐकते. विळीवरचा हात थांबला तर कविता झाली. नाही थांबला तर सुभद्राबाई निमूट कागद घरी नेतात. इतकी कडक परीक्षा पुण्यामुंबईत कोण घेतं?

तरीही साठी उलटल्यावर आपलं एक पुस्तक असावं असं त्यांना फार वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. विश्वेश नावाचा प्रकाशक तयार झाला. प्रस्तावनेसाठी त्याने एका नामवंत समीक्षकांना गाठलं. सरांनी शेरा मारला: बाकी बरं आहे, शेवटची कविता काढा. ओळी अर्ध्यावर सुटतात, मध्ये कारण नसताना मोकळ्या जागा आहेत. विश्वेशने फोनवर स्पष्टच सांगितलं, ती कविता काढलीत तरच पुस्तक.

आता ती कविता म्हणजे गाऱ्हाणं होतं. देवासमोर गावाचं मागणं मोठ्याने मांडायचं, एकेका मागण्यापाशी थांबायचं, आणि जमलेल्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आपली रीत. सुभद्राबाईंचे वडील गावाचं गाऱ्हाणं घालायचे, आता चुलतभाऊ शंकर घालतो. गावात बाईने ते कधी घातलेलं नाही. त्या मोकळ्या जागा गावाच्या होत्या. पण हे सरांना समजावत बसायला त्या तयार नव्हत्या. "कवितेक वकील लागलो तर ती मेली," त्या डोरथीला म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पण बायलमाणसान गाऱ्हाणा घातल्यान तर व्हय कोण म्हणतलो गो?"

मालवणात कवितावाचन ठरलं. विश्वेश आला, सर आले, तारकर्लीहून निम्मा गाव आला. सुभद्राबाईंनी नेमकी तीच कविता वाचायला घेतली.

"बा म्हाराजा! जिच्या हातचा अख्ख्या गावान खाल्ल्यान आणि जिचा नाव कोणी इचारूक नाय, तिचा नाव आज तुझ्या कानार घालतंय!"

आणि त्या थांबल्या.

'व्हय' आलं नाही. सरांनी विश्वेशकडे पाहिलं, बघ, मी सांगितलं नव्हतं? पहिल्या रांगेतला शंकर खाली मान घालून बसला होता. तरी पुढची ओळ सुभद्राबाईंनी वाचली नाही. मेले तरी वाचणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"व्हय म्हाराजा!" मागून डोरथी ओरडली. रविवारी चर्चमध्ये गाणारा तो खणखणीत गळा.

पुढच्या जागेला चार बायका तिच्यासोबत बोलल्या. त्याच्या पुढच्या जागेला शंकरने मान वर केली, डोळे पुसले, आणि देवळात लावतो तो आवाज लावला. मग अख्खं सभागृह 'व्हय म्हाराजा' म्हणू लागलं. सरांना इकडेतिकडे बघण्यावाचून काही काम उरलं नाही.

कार्यक्रम संपताच विश्वेश धावत आला. "बाई, शेवटची कविता राहू द्या. सरांना मी सांगतो."

"शेवटची नाय रे. ती आता पयली येतली," सुभद्राबाई म्हणाल्या. "आणि प्रस्तावनेचा पान मोकळा ठेव. लोक भरतले."