भरडणारी आक्का

"कुटू नको, दळू नको. भरड!" असं ओरडून आक्का समोरच्या बाईच्या हातातलं लोखंडी मुसळ हिसकावून घ्यायची आणि उखळात स्वतः तीन घाव घालायची. पहिल्या घावाला टरफलं उडायची, दुसऱ्याला फुटायची. तिसरा घाव नुसता रागाचा. मग मुसळ परत देत म्हणायची, "फुटलं की सोडायचं. मेलेल्याला किती मारशील?"

तुम्ही काजू खाल्ले असतील, पण काजूचं टरफल हातात घेणारे थोडेच. त्याच्या दोन सालींच्या मधे जाळी असते आणि जाळीत काळपट तेल. ते कातडीला लागलं की दोन दिवसांनी फोड येतात आणि कातडी सापाच्या कातेसारखी सुटते. हडपसर गावठाणाच्या पलीकडे आमचा छोटा कारखाना होता. कोकणातून पोत्यांनी टरफलं यायची. ती फोडून, पिंपात द्रावकात भिजवून आम्ही तेल काढायचो. त्या तेलात एक आम्ल असतं. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं, बाकीच्याचं त्याला काही नव्हतं.

मी तिथे केमिस्ट होते. वाघोलीच्या शेतकऱ्याची मुलगी. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. हे मी तेव्हाही ताठ मानेनं सांगायचे, आजही सांगते.

आक्काची आणि माझी ओळख थोबाडीत बसून झाली. पहिल्याच दिवशी शेडमध्ये टरफल हाताळता हाताळता माझ्या डोळ्याला खाज आली. मी हात वर नेला आणि फाडकन आवाज झाला. गाल बधिर. समोर एक आडव्या हाडाची, पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत काळे हात.

"आंधळी हुयाचंय का?"

"तुम्ही मला मारलंत?" मी म्हटलं. मला घरी आईनंही कधी मारलं नव्हतं.

"मारलं. डोळा ऱ्हायला न्हवं?" मग माझे दोन्ही हात धरून तिनं राखेनं खसाखसा घासले, वर एरंडेल चोळलं. "बीयस्सी झालीस आन हात धुवायला कुनी शिकवलं न्हाई?"

शेडमध्ये आक्काच्या हाताखाली चार बाया होत्या. त्यांतल्या धाकटीच्या अंगचटीला मुकादम जायचा. एके दुपारी आक्कानं त्याचं मनगट धरलं, हात ताज्या तेलाच्या घमेल्यात कोपरापर्यंत बुडवला आणि वर गुडघा ठेवून बसली. तो शिव्या देत होता. आक्का बाकीच्या बायांशी भाजीचं बोलत होती. तिसऱ्या दिवशी तो हात फुगून दुधी भोपळ्यासारखा झाला. मालकांनी विचारलं, "काय हो, काय झालं?" तो म्हणाला, "घसरलो." शेडमधलं हसू मालकांच्या केबिनपर्यंत ऐकू गेलं.

आक्काची तेल पारखायची एक परीक्षा होती. लोखंडी पळीत तेलाचे चार थेंब घ्यायचे आणि स्टोव्हवर धरायचे. तेल फसफसून वर आलं की म्हणायची, "जित्तं हाय." गप्प बसलं तर, "मेलं." मला त्यामागचं शास्त्र ठाऊक होतं. आम्ल शाबूत असेल तर तापल्यावर त्यातून वायू सुटतो आणि फेस येतो. तेल आधीच भाजलं गेलं असेल तर वायू केव्हाच निघून गेलेला असतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आक्काला पळीतून कळलं होतं. तेव्हा मला वाटायचं, माझं कळणं वरच्या दर्जाचं.

पुढे गिऱ्हाइकानं कृती लेखी मागितली. मी इंग्रजीत झकास रिपोर्ट लिहिला. आता बघा, आपल्याकडे कुटणं वेगळं, कांडणं वेगळं, वाटणं वेगळं, दळणं वेगळं, भरडणं वेगळं. प्रत्येकाला हात वेगळा लागतो. मी या सगळ्यावर एकच शब्द ठोकून दिला: ग्राइंडिंग. खाली लिहिलं, जितकं बारीक तितकं तेल जास्त. हे खोटं नव्हतं. पण भरडलेल्याच्या आणि दळलेल्याच्या तेलातलं आम्ल मी कधी शेजारी शेजारी ठेवून तपासलंच नव्हतं.

मालकांनी रिपोर्ट वाचला आणि हातोड्यांनी पीठ करणारं पल्व्हरायझर यंत्र आणलं. चार बाया त्याच दिवशी कामावरून घरी गेल्या. आक्काला यंत्राच्या तोंडात टरफलं ओतायला ठेवलं. यंत्र दुपारपर्यंत किंचाळायचं. चिकट भुशानं आतली जाळी तुंबायची, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, झाकणाला हात लावला तर चटका बसायचा, फटीतून निळा धूर यायचा.

"पोरी, ह्ये दळत न्हाई. भाजतंय."

"आक्का, तेल बघा की किती निघतंय."

"मढ्यालाबी वजन असतंय," आक्का म्हणाली.

महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून तेलाची पिंपं परत आली. सोबत पत्र होतं, तेलात आम्ल जवळजवळ नाहीच. मालक पत्र हातात घेऊन शेडमध्ये आले. ते कधी आवाज चढवत नसत.

"अहो बाई, मैत्रिणी घरी गेल्या म्हणून आपण पिंपात काय ओतलंत तेवढं सांगा. म्हणजे पोलीस चौकीवर मला तेच सांगता येईल."

आक्कानं स्टोव्ह पेटवला. परत आलेल्या पिंपातलं तेल पळीत घेऊन धरलं. गप्प. मग मूठभर टरफलं उखळात टाकली, दोन घाव घातले, ठेचा पिळून थेंब पळीत पाडले आणि पुन्हा धरलं. तेल फसफसून काठावरून ओसंडलं, ज्योतीवर पडून भडकलं. जळती पळी तिनं मालकांच्या नाकासमोर नेली.

"मी काय ओतलं न्हाई. तुमच्या मशीननं मारलंय ह्येला."

मालक एक पाऊल मागे सरले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, आपण पदवीधर. मशीन आपल्याच रिपोर्टवरून आलं. हिचं खरं का?"

मला उत्तर माहीत होतं. पळीत फेस आला त्याच क्षणी कळलं होतं. पण वाघोलीच्या पारावर वडील रोज माझ्या नोकरीबद्दल सांगत, तेही डोळ्यांपुढे आलं. मी म्हणाले, "तपासून सांगते."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. पळी खाली ठेवली, मुसळ उचललं आणि चालत्या यंत्राच्या झाकणावर घातलं. पहिल्या घावाला बीड तडकलं. दुसऱ्याला झाकण फुटलं, आतले हातोडे मोकळे होऊन भिंतीवर आदळले, लोखंडाचे तुकडे पत्र्यावर वाजले. मालक अंग वाचवायला जमिनीवर आडवे पडले. कुणीतरी मुख्य बटण ओढलं. आक्का तिसरा, चौथा, पाचवा घाव घालतच होती. तिच्या भुवईवर तुकडा लागून रक्त डोळ्यात उतरत होतं.

दोघा कामगारांनी तिला धरलं तेव्हा मी ओरडले, "चूक माझी आहे! मीच चुकीचं लिहिलंय! आक्कानं काही केलं नाही!"

धडपड थांबवून ती माझ्याकडे वळली. "आत्ता व्हय गं?"

मालक चौकीवर गेले नाहीत. गेले असते तर माझा रिपोर्ट निघाला असता. आठवड्यानं त्यांनी उखळ पुन्हा मांडलं आणि माझ्याकडून नवा कागद लिहून घेतला. त्यात 'भरडणे' हा शब्द मी मराठीतच ठेवला, इंग्रजीत तो मला सापडला नाही. चारही बाया परत आल्या. आक्का आली नाही. मालक म्हणाले, "आपणच जाऊन बोलवा. आपलं ऐकेल."

गावठाणात तिचं घर शोधत गेले. अंगणात ती कुऱ्हाडीनं बाभळीचा ओंडका फोडत होती. भुवईवर टाक्यांची काळी रेघ. मी निरोप सांगितला. तिनं ऐकला, कुऱ्हाड थांबवली नाही.

"मी न्हाई यायची. बाया गेल्या न्हवं कामावर?"

"गेल्या."

"आन तुझी नोकरी?"

"राहिली," मी म्हटलं. मान वर करवली नाही.

"मग झालं."

तिनं कुऱ्हाड डोक्यावर नेली. ढलप्या माझ्या पायांवर उडत होत्या, एक नडगीला लागलीही. एरवी तिनं मला दंड धरून बाजूला ओढलं असतं. त्या दिवशी ती मला सरक म्हणाली नाही. मीही सरकले नाही.