ब्लाझेनाचा हिवाळी बेत

चेक देशातल्या आमच्या प्शेरोव स्टेशनाच्या मागे पूर्वी रेल्वेची लाँड्री होती. आता तिथे टायरचं गोदाम आहे, पण त्या भिंतीजवळून गेलं की अजून साबणाचा वास येतो असं ब्लाझेना पेखोवा म्हणते, आणि तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत आमच्या गावात कुणी पडत नाही. उभी हयात तिने त्या लाँड्रीत काढली. रात्रीच्या गाड्यांच्या, झोपायच्या डब्यांतल्या चादरी तिथे धुवायला यायच्या. व्हिएन्नाहून आलेल्या, व्हेनिसहून आलेल्या. गठ्ठे सोडले की त्यांतून काय काय निघायचं: इटालियन टॉफीचे कागद, एखादं कर्णफूल, एकदा तर चक्क कवळी. त्या काळी सीमेपलीकडे जायचं म्हणजे परवान्यासाठी दारोदार फिरायचं, आणि लाँड्रीतल्या बाईला परवाना देतंय कोण? ब्लाझेनाचा सरकारवर राग होताच. पण त्याहून जास्त राग होता त्या प्रवाशांवर. "मेले झोपून गेले," ती म्हणायची. "खिडकीबाहेर आल्प्स चाललेत आणि हे आमच्या चादरींवर लाळ गाळतायत."

मग सीमा उघडल्या. पण तोवर गावाबाहेर बागेचा तुकडा घेऊन झाला होता, आणि बाग ही काय चीज आहे हे बागवाल्यालाच ठाऊक. मार्चमध्ये कुदळ उचलली की ती ऑक्टोबरात खाली ठेवायची. स्ट्रॉबेरी संपते न संपते तोच चेरी, मग जर्दाळू, मग काकड्यांचं लोणचं घालायचं, मग जंगलात अळिंबी गोळा करायला पळायचं. हिवाळा तेवढा माणसाचा. तिचा नवरा बोहुश दर हिवाळ्यात म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ गं, यंदा छप्पर गळतंय." छप्पर झालं, मग शेगडी झाली, मग राडकाचं, म्हणजे मुलीचं, लग्न झालं. एका सप्टेंबरात बोहुश घेवड्याच्या मांडवाखाली दम खायला म्हणून बसला तो उठलाच नाही. चांगला माणूस होता, पण त्याच्या 'पुढच्या वर्षी'ने ब्लाझेनाचा जन्म खाल्ला, आणि हे ती त्याच्या थडग्यासमोर उभं राहून त्याला सांगते.

यंदा तिच्या उजव्या खुब्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, खुबा बदलावा लागेल, आणि फेब्रुवारीच्या शेवटची तारीख दिली. ब्लाझेनाने तारीख ऐकली, टोपी घातली आणि दवाखान्यातून थेट स्टेशनवर गेली. फेब्रुवारी डॉक्टरचा, तर जानेवारी माझा. म्हाताऱ्यांसाठी एक पास मिळतो, त्यावर महिन्यातले ठरावीक दिवस युरोपभर कुठल्याही गाडीत चढता येतं. तिने तो काढला आणि खालच्या मजल्यावरच्या व्लास्तालाही काढायला लावला. व्लास्ता निवृत्त पोस्टमनबाई. साऱ्या गावाच्या घंट्या वाजवून झाल्यावर आता तिला कुणाच्या दारात जायचा कंटाळा, पण ब्लाझेनाला नाही म्हणायचाही कंटाळा.

बेत स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिजला. नकाशा व्लास्ताला वाचता येईना, अक्षर बारीक, म्हणून ब्लाझेनाने फडताळातून बरण्या काढल्या. जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी म्हणजे व्हिएन्ना. काकड्यांची व्हेनिस, कारण तिथेही सगळं पाण्यातच. चेरीची मिलान, बिटाची झुरिच, आणि मोहरी म्युनिक. तिथून प्राग आणि घर.

"झुरिच कशाला?" व्लास्ता म्हणाली. "तिथे नुसता श्वास घेतला तरी बिल येतं म्हणे."

"मिलानहून झुरिचला जाताना डोंगर लागतात. झुरिचमध्ये उतरून आपण बाकावर बसू आणि आपले कटलेट खाऊ. बाकाचं बिल येत नाही."

कटलेटवरून तर दोघींची जुंपलीच. आमच्याकडे माणूस शेजारच्या गावी निघाला तरी पावात घातलेले डुकराचे तळलेले कटलेट बांधून घेतो, त्याशिवाय गाडीत बसल्यासारखं वाटत नाही. पण व्लास्ता म्हणाली, "अगं, व्हिएन्नाला कटलेट घेऊन जायचे? तिथे त्याचीच तर दुकानं आहेत. लोक हसतील."

"हसू देत. ते हसतील तोवर माझं खाऊन होईल."

रात्रीच्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. व्लास्ताने एकदा हळूच सुचवलं की रात्री झोपून गेलं तर हॉटेलचा खर्च वाचेल आणि दिवसा शहरं बघता येतील. ब्लाझेनाने व्हिएन्नाची बरणी खाडकन टेबलावर आपटली. "मी आयुष्यभर त्या चादरी धुतल्या, आता त्यांवर झोपू? शहरात काय बघायचंय, घरंच ना? घरं इथेही आहेत. मला खिडकी पाहिजे. उजेडात, डोळे उघडे ठेवून." हिवाळ्यात दिवस तो केवढा, चारला अंधार. म्हणून बेत असा ठरला की पहाटेची गाडी पकडायची, सगळा उजेड खिडकीत खर्चायचा आणि शहरात दिवे लागल्यावर पोचायचं. सगळं जग उलट करतं, पण जगाने चादरी धुतलेल्या नाहीत.

राडका आणि जावई लुबोश रविवारी आले तेव्हा बरण्या टेबलावर तशाच होत्या. बेत ऐकून राडकाचा चेहरा उतरला. "आई, तुला जिना उतरताना कठडा लागतो. बाहेर बर्फ. परक्या गावात घसरलीस तर?"

"तर परके लोक उचलतील. त्यांनाही हात असतात."

"वसंतात आम्ही नेऊ ना तुम्हाला," लुबोश म्हणाला. "आपल्या गाडीतून, आरामात. नवा खुबा घेऊन."

"वसंतात?" ब्लाझेना म्हणाली. "आणि तुमची टोमॅटोची रोपं कोण लावणार, जावईबापू? दर एप्रिलमध्ये खोकी भरभरून माझ्या दारात आणून टाकता ती?"

लुबोशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो गप्प बसला. तो विमा कंपनीत आहे. गप्प बसून वेळ साधायची हे त्याचं पोटापाण्याचं काम.

ती वेळ त्याने साधली नाताळच्या संध्याकाळी. जेवण राडकाच्या घरी होतं. आमच्याकडे त्या रात्री एक नियम असतो, आणि देव न मानणारेही तो पाळतात: सगळ्यांचं जेवण संपेपर्यंत ताटावरून कुणी उठायचं नाही. जो आधी उठेल तो पुढचा नाताळ बघत नाही. म्हणून घरची बाई सूप, बटाट्याचं सॅलड, पाव सगळं आधीच हाताशी आणून ठेवते, म्हणजे मिठासाठीसुद्धा उठायला नको. राडकाने तर सूपचं पातेलं शेजारच्या खुर्चीवर ठेवलं होतं. तिची आजी एका नाताळला दार वाजलं म्हणून उठली होती आणि पुढच्याच पावसाळी जूनमध्ये वारली. राडका तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि त्या नाताळला जेवताना आजीच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

सूप झालं. तळलेला कार्प मासा पानात आला. लुबोशने काटे काढायला सुरुवात केली, अगदी सावकाश, एकेक काटा ताटाच्या कडेला लावत. मग साखरपेरणी सुरू झाली. सॅलड काय छान झालंय. आईंची तब्येत हाच आपल्या सगळ्यांचा खजिना.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका," ब्लाझेना म्हणाली. "काय ते बोला."

"डॉक्टरांशी बोलणं झालंय," लुबोश म्हणाला. "तारीख अलीकडे आली. जानेवारीचा दुसरा आठवडा. राडकानेच फोन केला. पास परत करून टाकू, पैसे मिळतात."

ब्लाझेनाने मुलीकडे बघितलं. राडका ताटात बघत होती.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस," राडका म्हणाली.

"म्हणजे ठाऊक होतं तुला."

"शांतपणे जेवा, आई," लुबोश म्हणाला आणि आणखी एक काटा शोधू लागला. "आज कुणालाच कुठे जायचं नाहीये. निवांत बोलू."

तेव्हा तिला उमगलं. ही जागा, ही रात्र त्याने मुद्दाम निवडली होती. त्याचं ताट संपेपर्यंत तिला तिथून हलता येणार नव्हतं, आणि त्याचं ताट तो संपवणार नव्हता. लाँड्रीत बसवून ठेवलं, बागेत बसवून ठेवलं, बोहुशने 'पुढच्या वर्षी'वर बसवून ठेवलं, आणि आता हा विम्याचा दलाल माशाच्या काट्यांवर बसवून ठेवतोय. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले, खुबा कळवळला, आणि ती उठली.

"आई," राडका म्हणाली. "आई, खाली बस."

"नाही बसत."

"आई, हात जोडते तुला. खाली बस, अजून कुणाचं झालेलं नाही."

"मला कळतंय मी काय करतेय," ब्लाझेना म्हणाली. "उठेल त्याचं वर्षच उरतं ना? मग तर वसंताची वाट बघायला मला वेळच नाही. तारीख होती तिथे नेऊन ठेवा. मी जानेवारीत जाणार." आणि ती कोटाकडे वळली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं. राडका उभी होती. तिच्या ताटातला मासा अर्धाही संपला नव्हता, हातातला रुमाल तिने मुठीत आवळून धरला होता.

"तू कशाला उठलीस?" ब्लाझेनाचा आवाज एकदम चिरकला. "खाली बस. राडका, आत्ताच्या आत्ता खाली बस."

"का? तू तर मानत नाहीस ना?"

"माझं सोड. मी म्हातारी आहे. तू बस."

"नाही बसत," राडका म्हणाली. अगदी आईच्याच आवाजात.

लुबोश तोंडात घास धरून दोघींकडे बघत राहिला. ब्लाझेनाने कोटाची बाही सोडली आणि भिंतीला हात टेकला. स्वतः उठली तेव्हा तिला कसलीच भीती वाटली नव्हती. आता मात्र राडकाची आजी गेली तो जून डोळ्यांपुढे येत होता.

"कसं वाटतंय?" राडका म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. "तू बरण्या मांडल्यास त्या दिवसापासून मला रोज असंच वाटतंय. रोज, आई. म्हणून केला फोन."

मग ब्लाझेना लंगडत मुलीजवळ गेली आणि तिने तिचे गाल तळव्यांनी पुसले, गरम पाण्याने कायमच्या खरखरीत झालेल्या तळव्यांनी.

"कळलं," ती म्हणाली. "आता खरंच कळलं. पण मी जाणार, राडको. घाबरत घाबरत जाईन, पण जाईन."

राडकाने नाक ओढलं. नवऱ्याच्या पुढ्यातलं ताट उचललं, कडेला लावलेल्या काट्यांसकट, आणि मोरीत नेऊन ठेवलं.

"सुट्ट्या संपल्या की डॉक्टरकडे मी जाते," ती म्हणाली. "फेब्रुवारीचीच तारीख घेते. तोवर जाऊन ये."