गोरक्षभाऊंचे कान आणि स्कॅनर

सातपुरात आमच्या ह्यांना गोरक्षभाऊ म्हणतात. गाडी गॅरेजात शिरायच्या आधीच तिचं दुखणं सांगणारा मिस्त्री, अशी ख्याती. स्वतःचं कौतुक हे स्वतः कधी करायचे नाहीत. त्याला गिऱ्हाइकं होती. कोणी गाडीचा बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरचं नाव काढलं की मात्र म्हणायचे, "ज्याला कान नाहीत त्याने मशीन घ्यावं."

दीड वर्षापूर्वी ह्यांनी मशीन घेतलं.

लोक म्हणाले, भाऊ सुधारले. मला खरं ठाऊक होतं. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी हे शेजारी बसून विचारायचे, "लावला का गं कुकर?" तीस वर्षं हातोडे आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या ऐकून कान गेले होते. मला कळलंय, हे मी त्यांना कळू दिलं नाही. मिस्त्रीला ऐकू येत नाही असं एकदा पसरलं की गाड्या पुढच्या गल्लीत वळायला किती वेळ लागतो, ते मला कोणी शिकवायला नको.

मशीन मात्र मन लावून शिकले. जुन्या गाड्यांची तऱ्हाच न्यारी. नव्या गाडीत स्टिअरिंगखाली वायर खोचली की झालं. जुनीत आधी सॉकेट शोधा, मग त्यात बसेल अशी वायर शोधा, आणि एवढं करून गाडीचा कॉम्प्युटर मोजून चार गोष्टी सांगणार. सेन्सर खराब असा कोड आला तरी हे लगेच सेन्सर बदलायचे नाहीत. वायर चाचपायचे, अर्थिंग घासायचे. निम्म्या वेळा उंदराने कुरतडलेलं निघायचं. "कोड म्हणजे तक्रार. तक्रार करणारा खरंच बोलतो असं नाही," म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा.

मार्चात शेखर आला. नाशिकरोड स्टेशनवरून त्र्यंबकेश्वरला भाविक नेतो, वीस वर्षांची व्हॅन, जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, "भाऊ, खाली काहीतरी वाजतंय. अकराला सात माणसं घ्यायचीत."

ह्यांनी वायर जोडली, स्क्रीन बघितली. कोड एकही नाही. तापमान ठीक, आरपीएम ठीक. "मशीन काही म्हणत नाही. ने."

मी चहा घेऊन उभी होते. आमच्या स्वयंपाकघराची आणि गॅरेजची भिंत एकच. लग्न होऊन आले तेव्हापासून भाजी चिरता चिरता इंजिनं ऐकतेय. शेखरने रेस दिली, सोडली, आणि सोडताना खालून ठोका आला. जड, पोटातला. बेअरिंग गेल्याचा. त्या जुन्या गाडीत ठोका टिपणारा सेन्सरच नाही, मशीन बिचारं काय सांगणार. असं इंजिन एक दिवस जागेवर जाम होतं, आणि तो दिवस गाडी भरधाव असतानाच उगवतो.

गप्प बसले तर सात माणसं रस्त्यात. बोलले तर नवरा चव्हाट्यावर. चहावर साय धरली तरी माझं ठरेना.

"अहो," मी शेवटी म्हटलं, "रेस सोडली की खाली ठोकतंय."

शेखर हसला. "काय वहिनी, आता तुम्हीच मिस्त्री का?"

हेही हसले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाऐवजी तळहातात दाबली आणि शेखरला म्हणाले, "रेस दे. सोड. परत दे." तीनदा केलं. मग उठले.

"गाडी ठेवून जा. माणसांना दुसरी बघ."

शेखर कुरकुरत रिक्षाने गेला.

दुपारी इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडलं. बेअरिंग तांब्यापर्यंत झिजलेलं. ते ह्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"कधीपासून माहितीये तुला?"

"मशीन यायच्या आधीपासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं नसावं, दिसलं मात्र. हात धुतले आणि जेवायला आले.

दुसऱ्या दिवशी एक नवंच गिऱ्हाईक आलं, इस्त्रीच्या शर्टातले कोणी साहेब, जुनी कार घेऊन. ह्यांनी स्कॅनर लावला, वाचला. मग इंजिन चालूच ठेवून भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "प्रतिभा, जरा बाहेर ये." गॅरेजातून नावाने हाक मी पहिल्यांदाच ऐकली. पिठाच्या हातांनी तशीच गेले.

"ऐक आणि सांग," म्हणाले.

मी कान दिला. फॅनबेल्ट चिरकत होता, दुसरं काही नाही. साहेब शेजारीच उभे, म्हणून मी ह्यांच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं.

"मोठ्याने सांग," हे त्या साहेबांसमोर म्हणाले, "मला ऐकू येत नाही."