ऑपरेशनच्या सकाळचं दूध

झरीच्या स्टँडवर एसटीत चढले तेव्हा मला सातवा सरत आला होता. ओटी भरून झाली होती आणि माहेरी राहायचं सोडून मी पुण्याला परत निघाले होते. माझ्या वडलांनी, अण्णांनी, माझ्या बाळंतपणासाठी बाज नव्या सुतळीनं विणून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मी मात्र नोकरी, विमा, पुण्यातली डॉक्टर अशी शहाणपणाची कारणं सांगत होते. माय खिडकीखाली उभी होती. अण्णा तेवढे म्हणाले, "बाज कुठं पळून चाललीय व्हय? कवाबी ये."

शेवटी मायच पुण्याला आली, कारण बाळ पायाळू निघालं. डोकं वर, पाय खाली, फिरायचं नावच घेईना. डॉक्टरांनी सिझेरियनची तारीख दिली. माय फोनवर किंचाळलीच, "तारीख? लग्नावानी?" पण मग तिनं गावातल्या गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला, नऊ वाजून वीस मिनिटं. चिठ्ठी ब्लाऊजमध्ये, डिंकाचे लाडू पिशवीत. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, नऊच्या सुमाराला घेऊ.

झरीतल्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या झरी सोडून गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. तारीख हातात असली की वाटतं, कळा नाहीत, धावपळ नाही, मग घाबरायचं कशाला? मीही अशीच निवांत होते.

रात्रीपासून काही खायचं नाही, असं बजावलेलं होतं. सकाळी सहाला नवरा खाली फॉर्म भरत होता, तेव्हा मायनं थर्मास उघडला. गलासभर गरम दूध, वर तुपाचा तवंग. आमच्याकडं अडलेल्या बाईला हेच पाजतात, त्यानं सुटका सोपी होते. मी नको म्हटलं. "दूध काय जेवण हाय व्हय? रित्या पोटी पोरगी कापायला देऊ का?" तिनं गलास माझ्या तोंडाशी धरला, खाली घेईना. तिचं मन राहावं म्हणून मी प्यायले. एमएस्सी झालेली मी!

तासाभरानं भुलीच्या डॉक्टर आल्या. काही खाल्लं-प्यायलं? मी म्हटलं, "नाही." मायला कुणी बोलू नये आणि तिचा मुहूर्त हुकू नये, एवढंच डोक्यात होतं. त्या सहज म्हणाल्या, "छान. पोटात काही असलं आणि उलटून फुफ्फुसात गेलं, तर जिवावर बेततं." मी गार पडले. खोटं एकदा बोललं की घशात हाडकासारखं अडकतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. पुण्यात आल्यापासून परक्यासमोर एक शब्द न बोललेली माझी माय.

"पोरगी खोटं बोलायलीय, बाई. म्या पाजलंय दूध. तूप घालून. तिला काई म्हणू नका, मला म्हणा."

तो धक्का अजून ओसरलेला नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या आणि ऑपरेशन दुपारी दीडवर ढकललं. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी आणि माय समोरासमोर नुसत्या बसून होतो. तिनं चिठ्ठी काढून पाहिलीही नाही.

पुढचंही सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठीत सुई देतात, पाय आपले राहत नाहीत. तुम्ही पूर्ण जाग्या असता! समोर हिरवा पडदा. दुखत नाही, पण कळतं. कणगीत हात घालून तळाचं धान्य उपसावं तशी ओढाताण पोटात चालते. थंडीनं दात वाजतात, ते बहुतेकींना होतं म्हणे. लघवीची नळी असते. दुसऱ्या दिवशी उठवून उभं करतात तेव्हा ब्रह्मांड आठवतं. खोकताना पोटावर उशी दाबायची. आणि काही खाल्लं-प्यायलं असेल तर सांगायचं, कुणीही पाजलेलं असो.

मुलगी झाली. पाय आधी आले. मायनं बाहेर तोवर पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे नवऱ्यानं नंतर सांगितलं. मला रडू आलं आणि टाके दुखले.

त्यानंतर दवाखान्यात ती प्रत्येक घास नर्सला विचारून द्यायची. "बाई, ही पेज चालतीय का?" चार लेकरं घरी बाजेवर जन्माला घातलेली बाई, वाटी हातात धरून पोरीएवढ्या नर्सपुढं उभी राहायची. ते मला बघवत नव्हतं.

दीड महिन्यानं आम्ही झरीला गेलो. बाजेची सुतळी अजून करकरीत होती. पहिल्याच सकाळी माय गलास घेऊन आली आणि उंबऱ्यात थबकली. तुपाचा वास खोलीभर झाला होता.

"देऊ का? चालतंय का आता?"

घर सोडून मला दहा वर्षं झाली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या दारात विचारून आत जात आलेय. घर म्हणजे जिथं विचारावं लागत नाही, असं मला वाटायचं. आणि माझ्यापायी माझी माय स्वतःच्याच उंबऱ्यात विचारत उभी होती.

"माय, आत ये," मी म्हटलं. "आन् परत विचारू नको."