व्हय म्हणणारा गाडीवान

त्या खटल्याची आठवण झाली की आजही माझ्या तळहाताला घाम सुटतो. दरोडेखोरांच्या मागे डोंगरात हिंडतानाही मी एवढा घाबरलो नव्हतो, आणि हा खटला तर होता रस्त्याच्या चुकीच्या बाजूने बैलगाडी हाकल्याचा.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीचा काळ. मी लोणावळ्यात फौजदार होतो. कुसगावच्या वळणावर एका मुंबईकर शेठची मोटार समोरून येणाऱ्या बैलगाडीला घासून पलीकडच्या चरात गेली आणि शेठचा हात मोडला. गाडीवान टाकव्याच्या वरच्या डोंगरवाडीतला. आमच्या जमादाराने त्याला कोठडीत घातले, बैल कोंडवाड्यात नेले आणि जबाबही उरकला. 'गाडी उजव्या बाजूला होती, चूक माझी, कबूल.' खाली अंगठा. शेठ आमच्या वरिष्ठांबरोबर शिकारीला जाणारा, त्यामुळे प्रकरण झटपट मिटवा असा वरून निरोप होता. गाडीवान तुरुंगात जाणार हे ठरल्यातच जमा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना कुसगावची दूधवाली ठाण्याच्या पायरीशी घुटमळताना दिसली. आत यायला तयार नव्हती, म्हणून मीच बाहेर गेलो.

"गाडी आपल्या डाव्या अंगानंच चाललीवती, सायेब," ती इकडेतिकडे बघत पुटपुटली. "मोटारच वळणावर आडवी आली. म्या बघितलं."

"मग काल का नाही सांगितलंस, मावशी?"

"त्येंच्याच बंगल्यावर दूध घालती मी. माजं नाव कुटं घेऊ नगा."

मी गाडीवानाला कोठडीतून बाहेर काढले. तो हात जोडून उभा राहिला.

"गाडी डाव्या बाजूला होती का?"

"व्हय, सायेब."

"उजव्या बाजूला होती?"

"व्हय, सायेब."

माझे डोके सणकले. हा माझी थट्टा करतो की काय? मग विचारले, "गाडीला चार बैल होते?"

"व्हय, सायेब."

त्याचे दोनच बैल कोंडवाड्यात हंबरत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावळात मोठा माणूस बोलू लागला की ऐकणारा वाक्यावाक्याला 'व्हय' म्हणतो. तो होकार नसतो, 'ऐकतोय' एवढाच त्याचा अर्थ. त्यात खाकी समोर असली की दुसरा शब्द तोंडातून फुटतच नाही. जमादार खानदेशातून बदलून आलेला. त्याला तो होकार वाटला, आणि खरे सांगायचे तर त्याला होकारच हवा होता.

"आता मी काही विचारत नाही. काय झालं ते तूच सांग," असे म्हणून मी त्याला खाली बसवले. मग तो बोलू लागला.

"मोटार बघून बैलं बुजली. म्या गाडी पार चरापातूर दाबली. डावं चाक चरात गेलतं, सायेब. आनी कुटं न्हेऊ?" मग हळूच म्हणाला, "बैलांस्नी पानी दावलं का कुनी?"

मॅजिस्ट्रेटसाहेब फिरतीवर आले आणि खटला चावडीत उभा राहिला. हात गळ्यात बांधून शेठ पुढेच बसले होते. गाडीवानाला मी 'नाही म्हण' असे बजावून ठेवले होते, पण "गुन्हा कबूल आहे?" असे विचारताच तो हात जोडून म्हणाला, "व्हय, सायेब."

मी उठलो. नोकरी जाणार, निदान बदली तरी होणार, हे मला दिसत होते. "साहेब, याचे दोनच बैल कोंडवाड्यात आहेत. गाडीला चार होते का, तेवढं विचारावं." साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारले. उत्तर आले, "व्हय." कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी साक्षीदार आहे का, असे विचारले. मी मागे वळून पाहिले. दूधवाली दाराशी उभी होती. तिला मी पुन्हा पुन्हा विनवले होते, पण ती येईल याची खात्री नव्हती. शेठकडे न बघता ती पुढे आली आणि पाहिलेले सगळे सांगून गेली.

"तू सुटलास. जा घरी. समजलं?" साहेब म्हणाले.

"व्हय, सायेब." तो वाकला, बाहेर पडला आणि चालू लागला. बैल सोडवायचा हुकूम घेऊन मी कोंडवाड्यावर गेलो, तर हा तिथे नाही. ठाण्यात येऊन पाहतो, तर हा आपण होऊन कोठडीत जाऊन बसलेला, भिंतीकडे तोंड करून.

मला पाहून त्याने विचारले, "किती वर्सं, सायेब?"

पुढे बदली झालीच. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, 'व्हय' म्हणून सुटका करून घेता येईल असा प्रश्न मी भ्यालेल्या माणसाला कधी विचारला नाही.