फक्त वन्संना दिसणारा फोटो

वहिनी लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात वन्संनी त्यांना पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला मागून ढकललं होतं. गंमत म्हणून. वहिनींच्या नाकातोंडात पाणी गेलं, नवऱ्याने उडी मारून बाहेर काढलं, आणि काठावर वन्सं पोट धरून हसत होत्या.

"एवढं काय त्यात, वहिनी? आमच्या घरात मांजरसुद्धा पोहतं!"

वहिनींनी ही गोष्ट पुढे कधी काढली नाही. पण विसरल्याही नाहीत. राग नीट घडी घालून ठेवायची त्यांना सवय होती. लागेल तेव्हा तो अगदी इस्त्रीसकट बाहेर निघे.

घरचा धंदा पोहायला शिकवण्याचा. हॉटेलचा तलाव ठरलेल्या वेळांना भाड्याने घ्यायचा आणि वर्ग चालवायचे. यजमान होते तोवर ते आणि वन्सं शिकवत. टॉवेल, टोप्या आणि टेलिफोन वहिनींकडे. यजमान गेले आणि वन्सं आपोआप मालकिणीसारख्या वागायला लागल्या. जीवरक्षकाचं प्रमाणपत्र आता फक्त त्यांच्याकडे होतं, आणि तसं प्रमाणपत्र असलेलं माणूस काठावर असल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू द्यायचं नाही, हा हॉटेलचा नियम.

वहिनींनी मात्र एक भलतंच केलं. दूरच्या एका तलावावर, अनोळखी बाईकडून, त्या हट्टाने पोहायला शिकल्या. परत येऊन पाण्याला घाबरणाऱ्या बायकांचा वर्ग काढला. दुपारी, सामसूम असताना. बघणारं कोणी नाही, हसणारं कोणी नाही आणि ढकलणारं तर नाहीच. वन्संच्या स्पर्धेच्या मुली त्याच वेळी पलीकडच्या अर्ध्या भागात सराव करत. मध्ये प्लास्टिकच्या मण्यांची दोरी.

"झालं का तुमच्या म्हशींचं डुंबून?" वन्सं विचारत.

"होतंय," वहिनी म्हणत. "शेळ्यांचं काय?"

खरी लढाई चाले ती वेबसाइटवर. साइट बांधून देणारा माणूस नोकरी लागून निघून गेला, तेव्हापासून ती वहिनींच्या हातात होती. काम तसं कपाट लावण्यासारखं. पानाचे खण ठरलेले: वर एक रुंद पट्टी, मध्ये मोठा रकाना, उजवीकडे अरुंद पट्टी, तळाशी फूटर. या खणांमध्ये विजेट ठेवायची, म्हणजे तयार चौकटी; कोणात फोटो, कोणात वेळापत्रक, कोणात नावनोंदणी. माउसने धरायची आणि या खणातून त्या खणात सरकवायची. वन्संना एवढंच येत होतं. पण भांडायला तेवढं पुरत होतं.

संध्याकाळी वन्सं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसत आणि घाबरणाऱ्या बायकांचं विजेट वरच्या पट्टीतून काढून फूटरमध्ये ढकलत. सकाळी वहिनी येऊन ते उचलून वर ठेवत आणि वन्संचा पदकं घातलेला फोटो उजव्या पट्टीत कोंबत, जिथे त्यांचं डोकं कापलं जाई. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघी क्लोरीनबद्दल बोलत, ओल्या टॉवेलबद्दल बोलत. साइटबद्दल अवाक्षर नाही.

मग हॉटेलच्या मॅनेजरने दोघींना बोलावलं. पाहुण्यांना पोहायला जागा हवी होती. दुपारी यापुढे अर्धाच तलाव मिळेल, म्हणजे एकच वर्ग.

"माझ्या मुली स्पर्धेला उतरतात," वन्सं म्हणाल्या. "यांच्या बायका नुसत्या काठाची दांडी धरून उभ्या राहतात."

"सकाळी तुमच्या मुली येऊ शकतात," वहिनी म्हणाल्या. "माझ्या बायका गर्दीत पाण्याला पाय लावणार नाहीत."

मॅनेजरने कपाळ चोळलं. "तुमच्या घरचं भांडण माझ्या टेबलावर नको. मी आठवडाभर तुमची साइट बघतो. तुम्ही लोकांना जे आधी दाखवता, तोच तुमचा मुख्य वर्ग समजेन."

त्या दिवशी वन्संनी आपला फोटो वरच्या पट्टीत नेऊन बसवला आणि आयुष्यात पहिल्यांदा साइटबद्दल तोंड उघडलं.

"हात लावाल तर याद राखा, वहिनी. मी रोज बघणार आहे."

"बघा की," वहिनी म्हणाल्या. "जागचा हलणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. फोटो जागेवरच राहिला. प्रत्येक विजेटच्या सेटिंगमध्ये ते कोणाला दिसावं, हे ठरवायची सोय होती: सगळ्यांना, की फक्त लॉग-इन केलेल्यांना. वन्सं इथवर कधी पोचल्याच नव्हत्या. वहिनींनी फोटोपुढे दुसरा पर्याय निवडला आणि त्याखाली, सगळ्यांना दिसेल असं, आपल्या वर्गाचं विजेट ठेवलं. लॉग-इन केलेल्या जगात दोनच बायका. वन्सं फोनवरून बघोत की ऑफिसातून, पासवर्ड घातलेलाच असे. त्यांना रोज आपली पदकं दिसत. बाकी दुनियेला घाबरणाऱ्या बायका.

आठवडा संपला. दुपार वहिनींना मिळाली.

"असं कसं? वर माझा फोटो आहे!" वन्संनी आपला फोन मॅनेजरच्या नाकासमोर धरला.

मॅनेजरने स्वतःचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "बाई, तुमचा यात कुठेच पत्ता नाही."

वन्सं दोन्ही फोनांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग वहिनींकडे.

"दादा असता तर तुमची हिंमत झाली नसती."

"ते नाहीत, म्हणून मला आता पाण्याबाहेर काढणारं कोणी नाही, वन्सं. तुम्ही तर पहिल्या खेपेलाही आला नव्हतात."

प्रमाणपत्राचा नियम होताच. काठावर वन्सं बसल्या नसत्या तर दुपार गेली असती, आणि हॉटेलशी करार एकच असल्यामुळे त्यांच्या मुलींची सकाळही. म्हणून वन्सं आल्या. उंच खुर्चीवर बसल्या, गळ्यात शिट्टी. बाईने दांडी सोडून पहिला हात पाण्यात पसरला की शिट्टी! टोपी नीट नाही. कडेची बाई श्वास रोखून डोकं पाण्याखाली घालते आहे, शिट्टी! कानात डूल आहेत. नियमाबाहेरची एकही शिट्टी नाही. बायका दचकत आणि पुन्हा दांडीला चिकटत. एक येईनाशी झाली, मग तिची शेजारीण. घाबरलेल्यांना घाबरवायला फार काही लागत नाही, हे वन्संना पहिल्यापासून माहीत होतं.

वहिनींनी मिळवलेली दुपार शिट्टीशिट्टीने रिकामी होत चालली. शेवटी पाण्यात छातीपर्यंत उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

"माझा फोटो," खुर्चीवरून उत्तर आलं. "सगळ्यांना दिसेल असा."

"मग शिट्टी खाली ठेवा."

"आधी फोटो."

बायका दांडी धरून ऐकत होत्या. वहिनी तशाच ओल्या अंगाने ऑफिसात गेल्या, सेटिंग बदललं आणि फोटो फूटरमध्ये ठेवला, पत्त्याच्या खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढा. पण सगळ्यांना दिसणारा.

वन्संनी स्वतःच्या फोनवर पाहिलंच नाही. दांडीला धरलेल्या सगळ्यांत भित्र्या बाईला त्यांनी वर बोलावलं, तिचा फोन मागितला, पान तळापर्यंत सरकवलं आणि फोटो बोटांनी ताणून मोठा करून पाहिला.

"एवढासा?"

"डोकं अख्खं आहे," वहिनी म्हणाल्या.

वन्संनी शिट्टी गळ्यातून काढून मांडीवर ठेवली. खिशात नाही.

शिट्टी अजूनही तिथेच असते. ज्या बायका येईनाशा झाल्या होत्या, त्यांतली एकच परत आली. रोज दुपारी वन्सं कोणा ना कोणाचा फोन मागून फोटो आहे ना ते बघतात, आणि वहिनी नव्या बाईचा हात धरून तिला पाण्यात उतरवताना आधी मागे वळून खुर्चीकडे पाहून घेतात.