नारळाच्या दुधातली खीर

नारळाचं दूध तापलं की मिसरोद गावातल्या आमच्या घरातली ती दिवाळीची पहाट आठवते. आजारी बाबांचं दूध-तूप बंद झालं होतं, म्हणून यापुढे अभ्यंगस्नानानंतर सगळ्यांनीच बिनदुधातुपाचा फराळ करायचा, अशी प्रथा मी जाहीर केली आणि मोठ्या ऐटीत नारळाच्या दुधात शेवयांची खीर केली. बाबांनी वाटी चाटूनपुसून संपवली. "बढिया. अजून वाढ." मी फुशारलो. मग आईने घास घेतला. "अरे शहाण्या, साखरेऐवजी मीठ घातलंस की." सगळे हसले. बाबा रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. "हल्ली कशाचीच चव लागत नाही," ते हळूच म्हणाले, "सणासुदीला तुम्हाला कशाला सांगायचं." पुढच्या दिवाळीला ते नव्हते. खीर अजून दरवर्षी मीच करतो. कुणी छान म्हटलं, तरी पुन्हा चाखून बघतो.